लाखेच्या तबकड्यांचे दप्तर

जुन्या कागदांची राखण करण्यात माझी उमेदीची सारी वर्षे एका सरकारी दप्तरखान्यात गेली, आणि निवृत्तीनंतर पवनानगरजवळच्या एका बंगल्यातील ग्रामोफोनच्या तबकड्यांचा खासगी संग्रह लावून देण्याचे काम एका परिचितांच्या मध्यस्थीने माझ्याकडे चालत आले, ते त्या नोकरीच्या पुण्याईनेच आले असे मी समजतो. कारण संगीताचा जाणकार म्हणून माझी ख्याती कधीच नव्हती, परंतु जो जिन्नस नाशवंत आहे त्याची यादी कशी करावी, त्याला हवा कशी द्यावी आणि दरसाल त्याची रुजवात कशी घ्यावी, एवढे मला निश्चित ठाऊक होते. ज्यांनी हा संग्रह केला ते गृहस्थ हयात नव्हते. मुंबईस राहणाऱ्या त्यांच्या कन्येने पहिल्याच भेटीत आपली अपेक्षा स्वच्छ शब्दांत सांगितली. "काका, बाबांनी काय काय जमवलंय ते आधी आम्हांला कळायला हवं. मग ते ठेवायचं कसं आणि पुढे द्यायचं कुणाकडे, ते ठरवू." यांपैकी ठेवण्याचे काम सर्वांत कष्टाचे होणार असे तेव्हा आम्हां सर्वांनाच वाटत होते, आणि पवनानगरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

पवनानगर हे धरणाच्या संगतीने वाढलेले गाव. जुनी माणसे त्याला अजून काले कॉलनी म्हणतात. कामशेतहून निघालेला रस्ता बेडशाच्या लेण्यांचा डोंगर बाजूला टाकून येथे पोहोचतो, तेव्हा समोर पवनेच्या जलाशयाचा विस्तार आणि त्याभोवती तिकोना, तुंग, लोहगड व विसापूर हे किल्ले असे जे दृश्य दिसते, त्याच्या मोहाने शहरातील पुष्कळांनी येथे बंगले बांधले. आमच्या संग्राहकांनीही नोकरीतून मोकळे होताच पुण्यातील बिऱ्हाड आवरून येथेच उर्वरित आयुष्य काढले. परंतु ज्या पाण्याच्या ओढीने माणूस येथे येतो ते पाणी जूनपासून चार महिने हवेतच असते. शेजारच्या लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पवनानगर घाटमाथ्यापासून थोडे अलीकडे असल्यामुळे येथे सरींचा जोर काहीसा उणा असला, तरी धुके मात्र दारातून सरळ आत येते. मिठाला पाणी सुटते, आगपेटीची काडी ओढता ओढता मोडते, चामड्याच्या चपलांवर हिरवट लव धरते आणि लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात. त्या बंगल्याची देखरेख करणाऱ्या, शेजारच्या वाडीतील ज्या बाईंना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी मला पहिल्या आषाढातच बजावले होते, "काका, खिडकी उघडू नगा. धुकं एकडाव आत आलं की गणपतीपत्तूर जात न्हाई." त्या एका वाक्यात जेवढे हवामानशास्त्र होते, तेवढे मला पुढे पुष्कळ वाचूनही नव्याने मिळाले नाही.

या ओलीचा तबकडीवर काय परिणाम होतो हे समजण्यासाठी तबकडी कशाची असते ते आधी पाहिले पाहिजे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहरजानचे गायन मुद्रित केले. तेव्हापासून १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघेपर्यंत येथले गाणे येथे मेणावर कोरले जाई आणि त्याच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होऊन आगबोटीने परत येत. ज्या लाखेपासून त्या घडत, ती लाखही बहुतांशी हिंदुस्थानातलीच असे. पळस, कुसुंब, बोर यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक जे कवच निर्माण करतो ते शुद्ध करून लाख होते, आणि तिच्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी व थोडे कापसाचे तंतू मिसळून तापलेल्या साच्यात दाबले की मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी, जड, चकचकीत वस्तू तयार होते. दगडाची भुकटी त्यात हेतुपुरस्सर घातलेली असे. पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून चराच्या आकाराचे व्हावे, अशी ती योजना होती, आणि म्हणूनच प्रत्येक बाजू वाजविल्यावर सुई बदलण्याचा शिरस्ता होता. लाख स्वतः बुरशीला सहसा दाद देत नाही, परंतु तिच्यात मिसळलेले तंतू बुरशीला खाद्य ठरतात. चरांमध्ये एकदा बुरशीने मूळ धरले की ती पुसून काढली तरी खालचा पृष्ठभाग खरबरीत झालेला असतो आणि गायकाच्या आवाजामागे सतत खरखर ऐकू येते. ती कोणत्याही उपायाने जात नाही.

माझ्या आधी कोणा कारागिराला हा संग्रह स्वच्छ करण्यासाठी शहरातून बोलावले होते. त्याने सद्भावनेनेच स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने काही तबकड्या पुसल्या. आता सुतार ज्या द्रवाने खुर्चीच्या हातांना झळाळी आणतात तो लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच केलेला असतो. तेव्हा लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावल्यावर काय व्हायचे तेच झाले, आणि त्या तबकड्यांचे तेज जाऊन त्यावरील सूर कायमचे धूसर झाले. विनाइलच्या एलपीला थोड्या प्रमाणात चालणारे हे औषध लाखेला विष आहे, एवढी एकच गोष्ट जरी घरोघर माहीत असती तरी किती आवाज वाचले असते! त्या तबकड्या मी टाकल्या नाहीत. त्या वेगळ्या ठेवून वहीत प्रत्येकीपुढे कारण नोंदविले आहे.

आमची रीत याप्रमाणे आहे. बुरशी धरलेली तबकडी प्रथम इतर तबकड्यांपासून दूर, पडवीत नेऊन, नाकाला फडके बांधून मऊ केसांच्या कुंचल्याने कोरडीच झाडावयाची. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून, मधल्या कागदी चकतीला पाण्याचा स्पर्श होऊ न देता, मखमलीच्या तुकड्याने चरांच्या दिशेनेच हात फिरवीत पुसावयाची, लगेच स्वच्छ पाण्याने साबण काढावयाचा आणि पंख्याच्या वाऱ्यात उभी ठेवून वाळवावयाची. भिजत मुळीच घालावयाची नाही. कारण लाखेत मिसळलेली भुकटी आणि तंतू पाणी पितात आणि केसासारख्या भेगा असल्या तर त्या फाकतात. हे सारे उघाडीच्या दिवसांतच करावे लागते. जुलैच्या झडीत धुतलेली तबकडी वाळत नाही आणि न वाळलेली तबकडी वेष्टनात घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय.

परंतु स्वच्छता हा उत्तरार्ध झाला. पूर्वार्ध जागेचा. मी आलो तेव्हा सगळी कपाटे पश्चिमेकडच्या मोठ्या दिवाणखान्यात, जलाशयाकडे तोंड करून मांडलेली होती, कारण मालकांना तबकडी लावून खिडकीशी बसण्याची आवड होती. बसण्यासाठी ती खोली उत्तम असली, तरी ठेवण्यासाठी ती घरातील सर्वांत वाईट होती. मावळात पाऊस पश्चिमेकडून येतो, त्या बाजूची भिंत चार महिने ओली असते आणि भिंतीला टेकलेले कपाट ती ओल शोषून आतल्या कागदापर्यंत पोहोचविते. म्हणून कन्येच्या संमतीने मी सारा संग्रह घराच्या मध्यभागी असलेल्या, बाहेरची एकही भिंत नसलेल्या खोलीत हलविला. सागवानी फळ्यांच्या मांडण्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून हातभर उंच घेतली, जेणेकरून वाळवीची माती चढू लागली तर ती आधी दिसावी.

फळ्या किती जाड असाव्यात याविषयी आमच्या सुताराशी माझा थोडा वाद झाला. त्याच्या दृष्टीने हे पुस्तकांसारखेच काम होते. दहा इंची लाखेची एक तबकडी हातात घेतली तर दोनशे ग्रॅमांहून थोडी अधिक भरते, परंतु त्या ओळीने उभ्या केल्या की एका फुटाच्या फळीवर १५ ते २० किलो भार पडतो, आणि चार फूट लांबीची पातळ फळी वर्षभरात मधोमध वाकते. फळी वाकली की तबकड्या कलतात. कललेली तबकडी हळूहळू वक्र होते. वक्र तबकडीवर सुई उड्या मारते. त्याला प्रत्यक्ष वजन करून दाखविले तेव्हा त्याने आपण होऊन फळी दुप्पट जाड घेतली आणि दर वीतभर अंतरावर उभा पडदा बसविला. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, सरळ नव्वद अंशांत, एकमेकींना आधार देतील इतक्या निकट पण ओढून काढाव्या लागणार नाहीत इतक्या सैल. थप्पी घातली की तळच्या लाखेच्या तबकड्या वरच्या भाराने तडकतात आणि एलपी असतील तर बशीसारख्या वाकतात. दहा इंची आणि बारा इंची एकाच ओळीत मिसळूनही चालत नाही, कारण मोठीचा दाब लहानीच्या कडेवर येऊन तेथे खूण पडते.

हवेचा बंदोबस्त हा रोजचा प्रश्न होता आणि आहे. अभिलेखागारांचा संकेत असा की तापमान २० अंशांच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत असावी. आमच्याकडे आषाढ-श्रावणात बाहेर काटा नव्वदीच्या वर असतो. आत तो पंचावन्नाच्या आसपास स्थिर राहिला तर मी समाधान मानतो. कारण आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे, आज कोरडे आणि उद्या ओले असे होऊ लागले म्हणजे कागद फुगतो, आकसतो आणि डिंक सुटतो. ओल शोषणारे विजेचे यंत्र त्या खोलीत लावले आहे. भर पावसाळ्यात त्याच्या भांड्यातून रोज कित्येक लिटर पाणी ओतून द्यावे लागते, आणि कोरड्या दिसणाऱ्या खोलीत इतके पाणी कोठे दडले होते याचे मावशींना अजून नवल वाटते. परंतु वाऱ्यापावसात वीज जाते ती कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून केवळ यंत्रावर विसंबणे धोक्याचे. मांडण्यांना दारे करून त्यांच्या कडांना नमद्याची पट्टी लावली आहे, आत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंड्या आहेत, त्या रंग पालटला की तव्यावर मंद आचेने भाजून पुन्हा वापरता येतात. कोकणातील घरांत कपड्यांच्या कपाटात लहान दिवा जळत ठेवण्याची जी चाल आहे तीही मी उचलली. मात्र तो दिवा तबकड्यांच्या कप्प्यात न ठेवता अगदी तळाशी, वेगळ्या खणात ठेवतो, कारण उष्णतेने लाख मऊ होते.

याच कारणाने दसऱ्यानंतर गाद्या-गोधड्या उन्हात टाकण्याची आपली जी वहिवाट आहे ती तबकड्यांना लागू करता येत नाही. आश्विनातले ऊन तासाभरात एलपीचे रूप पालटून टाकते. आम्ही त्या दिवसांत पहाट उलटल्यावर खोलीची दारे उघडतो, तबकड्या सावलीतच एक-एक काढून, वेष्टन बदलायचे असेल तर बदलून, पुन्हा जागच्या जागी ठेवतो. कसरीसाठी डांबरगोळ्या ठेवू नयेत असे जाणकार सांगतात, कारण त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते. पोथ्यांच्या रुमालात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. मावशी मलमलीच्या पुरचुंड्या स्वतः शिवून देतात.

एलपीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली त्या काढल्या. त्या विनाइलच्या असतात, मिनिटाला ३३⅓ फेरे घेतात, बुरशी त्यांना खात नाही. बुरशी खाते ती बोटांच्या ठशांतील स्निग्धता आणि बाहेरचे पुठ्ठ्याचे पाकीट. एवढे मात्र सांगावेसे वाटते की सत्तरीच्या दशकात मिळणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या आतल्या पिशव्या दमट हवेत तबकडीला चिकटून तिच्यावर दुधाळ छाया पाडतात, तेव्हा ज्यांच्या घरी त्या अजून असतील त्यांनी त्या काढून साध्या पॉलिथीनच्या घालाव्यात. आणि लाखेच्या तबकडीची सुई एलपीवर कधीही ठेवू नये. लाखेच्या चराला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर एलपीच्या सूक्ष्म चराला १८ मायक्रॉनचे. जुन्या चावीच्या यंत्राचा साउंड बॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमांहून अधिक भार टाकतो, तर आजच्या चांगल्या यंत्राची भुजा दीड-दोन ग्रॅम. घरात मालकांचा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, एक कर्ण्याचा ग्रामोफोनही आहे. दोन्ही चालू स्थितीत ठेवली आहेत, परंतु जी तबकडी दुसरीकडे सहज मिळणार नाही ती आम्ही त्यांवर लावीत नाही. ती नव्या यंत्रावर, योग्य सुईने वाजवून तिची प्रत करून घेतो. वेगाचाही विचार करावा लागतो. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले, त्यापूर्वीच्या पुष्कळ तबकड्यांचा वेग नेमका ७८ नसतो, आणि वेग चुकला की स्वर चढतो किंवा उतरतो. अशा वेळी पेटीवाल्या एका स्नेह्यांना बोलावतो. ते तबकडीतल्या पेटीची पट्टी आपल्या पेटीवर पडताळून पाहतात आणि त्यावरून वेग ठरतो.

आता वहीकडे येतो, कारण या कामाचा खरा गाभा मला तेथेच सापडला. दप्तरखान्यातील बारनिशीच्या धर्तीवर मी एक मोठी नोंदवही आखली: अनुक्रम, कंपनी, चकतीवरील क्रमांक, चरांच्या शेवटी कोरलेला क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, गायक, नाटक वा राग, तबकडीची स्थिती, वेष्टनावरील मजकूर आणि शेरा. एचएमव्हीच्या दहा इंची तबकड्यांवर 'एन'ने सुरू होणारे क्रमांक, कोलंबियाच्या 'जीई'चे, ओडियन कंपनीच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, मुंबईत नॅशनल ग्रामोफोन कंपनीने काढलेल्या 'यंग इंडिया' छापाच्या, ज्यांवर मोठ्या कंपन्यांनी न घेतलेले अनेक गायक आपल्याला भेटतात, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची पदे, गो. ना. जोशी आणि गजानन वाटवे यांची भावगीते अशी पाने भरत गेली. जोशी हे पुढे एचएमव्हीतच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात त्यांनी त्या काळची हकीकत लिहून ठेवली; ते पुस्तक या वहीशेजारीच ठेवलेले असते.

कामाच्या मध्यावर एक लाकडी पेटी निघाली. तिच्यातील तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या आणि मधल्या कागदी चकत्या एकीवरही नव्हत्या. कन्येला विचारले तेव्हा तिने घरात ऐकलेली गोष्ट सांगितली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला, तेव्हा या कुटुंबाचे घर नदीकाठच्या पेठेत होते. पाणी ओसरल्यावर तरुण वयातील तिच्या वडिलांनी गाळातून ही पेटी उपसली, तबकड्या धुतल्या आणि, चकत्या वाहून गेल्यामुळे कोणती कोणाची हे कळेनासे झालेले असतानाही, त्या एकही न टाकता प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर जपून नेल्या. पवनानगरला घर घेताना त्यांनी जलाशयाच्या काठाची स्वस्त जागा नाकारून टेकाडावरची घेतली, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

त्या पेटीवर मी जेवढा वेळ दिला तेवढा अन्य कशावरही दिला नाही. लाखेत दाबलेले आकडे पाण्याने जात नाहीत. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की शेवटचा चर आणि चकतीची जागा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक अंक उमटलेले दिसतात; ते टिपून घ्यावयाचे, जुन्या सूचीपत्रांशी ताडून पाहावयाचे आणि मग तबकडी वाजवून खातरजमा करावयाची. काही ठिकाणी अंक झिजलेले होते, परंतु आवाजच पुरेसा झाला. बालगंधर्वांचा आवाज ओळखण्यास कोणाच्याही दाखल्याची गरज लागत नाही. सर्वांत जुन्या दोन-तीन तबकड्यांनी तर स्वतःच साक्ष दिली. तबकड्या परदेशी कारखान्यात होत, तेथल्या कामगारांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून त्या काळी गायक गाणे संपताच आपले नाव उच्चारीत. पुराने कागद नेला होता, पण शंभर वर्षांपूर्वी कर्ण्यासमोर उभ्या राहिलेल्या एका बाईने शेवटच्या तानेचा श्वास सावरीत घाईने घेतलेले आपले नाव त्या खोलीत आम्हांला स्पष्ट ऐकू आले. मावशी हातातले काम टाकून दारात उभ्या राहिल्या. "नाव सांगून गेली बगा," एवढेच त्या म्हणाल्या. पेटीतील काही तबकड्यांची ओळख अजून पटलेली नाही. त्यांच्यापुढे वहीत 'अज्ञात' असे लिहून गाण्याचे पहिले शब्द आणि स्वरांची पट्टी नोंदविली आहे, म्हणजे माझ्यानंतरच्या माणसाला तेथून पुढे जाता येईल.

याच नोंदी करताना मला हळूहळू दिसू लागले की या संग्रहाची सर्वांत मोठी हानी पावसाने केलेली नाही. मालकांना वेष्टनावर पेन्सिलीने टिपण करण्याची सवय होती: तबकडी कोठे घेतली, पुण्याच्या जुन्या बाजारात की मुंबईच्या चोरबाजारात, किती रुपयांना, बरोबर कोण होते, ऐकून काय वाटले. ही टिपणे म्हणजे एका रसिकाने एका शतकाच्या गाण्याशी केलेला संवाद आहे. परंतु ती त्यांनी स्वतःसाठी केली होती, म्हणून अत्यंत संक्षिप्त आहेत. 'ना. कडून', 'वा. च्या लग्नात ऐकलेली', 'हिची जोड सा. कडे आहे'. हा ना. कोण, सा. कोठे राहतो आणि त्याच्याकडील जोड तबकडी आज कोणत्या माळ्यावर आहे, हे सांगू शकेल असा एकही मनुष्य आता उरलेला नाही. बुरशी धरलेल्या तबकडीतून निदान अर्धे गाणे तरी ऐकू येते, या प्रश्नांची उत्तरे मात्र समूळ गेली. ते गृहस्थ कित्येक वर्षे या घरात होते, त्यांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती, घरचे सणावाराला येत, शेजारी एखादी तबकडी ऐकत, चहा घेत आणि जात. वही घेऊन त्यांच्यासमोर कोणी बसले नाही. ज्या कामाला आम्ही सर्वांत सोपे समजलो होतो, म्हणजे काय आहे ते समजून घेणे, तेच सर्वांत अवघड निघाले, आणि ते माणूस हयात असताना काही संध्याकाळींत होऊन गेले असते.

यादी नसलेल्या संग्रहाचे काय होते ते मी अन्यत्र पाहिले आहे. वाटणीच्या वेळी तो कोणाच्याच वाट्याला जात नाही, घर रिकामे करण्याची मुदत जवळ येते आणि तबकड्या वजनावर रद्दीत जातात. एखाद्या संस्थेला द्यावा म्हटले तर संस्थेचा पहिला प्रश्न असतो, यादी आहे का? आणि तो प्रश्न रास्त आहे; जागा, माणसे आणि पैसा यांची सर्वत्र टंचाई असताना न पाहिलेल्या खोक्यांचा भार कोणी का उचलावा? मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आपल्या 'रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून गायकांच्या आणि कंपन्यांच्या तबकड्यांच्या सूची सातत्याने प्रसिद्ध केल्या. आमच्या पेटीतील कित्येक अंकांचा अर्थ असल्या सूचींमुळेच लागला. मुंबईत १९२७ साली नियमित नभोवाणी सुरू होण्यापूर्वी मराठी रंगभूमीवर आणि बैठकीत गाणे प्रत्यक्षात कसे होत होते, श्वास कोठे घेतला जाई, शब्द कसा उच्चारला जाई, तीन मिनिटांच्या मर्यादेत बसविण्यासाठी एखादे पद कसे आटोपते घेतले जाई, याचा या तबकड्यांखेरीज दुसरा पुरावा आपल्यापाशी नाही. कायद्यानेही आता वाट मोकळी आहे. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे लाखेच्या बहुतेक तबकड्यांच्या प्रती अभ्यासकाला देण्यास ध्वनिमुद्रणाच्या हक्काची आज आडकाठी नाही.

वही पूर्ण झाल्यावर कन्येने आपला निर्णय लेखी करून ठेवला. संग्रह तिच्या हयातीत पवनानगरलाच राहील; पुढे तो अखंड, वेष्टनांसह आणि वहीसह एका सार्वजनिक संस्थेकडे जाईल; सुट्या तबकड्या विकल्या जाणार नाहीत; मागेल त्याला ऐकण्याची मुभा असेल. वहीची एक प्रत मुंबईस आहे, एक माझ्याकडे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा मी रुजवात घेतो, आणि आता मावशींची धाकटी मुलगी माझ्याबरोबर क्रमांक वाचण्यास बसते. तिचे अक्षर माझ्याहून सुवाच्य असल्यामुळे नव्या नोंदी तीच करते.

ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर, कपाटाच्या तळाशी वा गावाकडच्या वाड्यात अशा तबकड्या असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. महागडी यंत्रे मागाहून घ्यावीत. प्रथम त्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवाव्यात, त्यांना स्पिरिट लावू नये, आणि ज्यांनी त्या आणल्या ते वडील, मामा किंवा आजी हयात असतील तर येत्या रविवारी एक साधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, एक-एक तबकडी त्यांच्या हातात द्यावी आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, संक्षेप न करता, तारखेसह उतरून घ्यावे.